काळ्या चौकोनाचा मान

राया मावशीने भिंतीवरचा गालिचा काढला, आवारातल्या बर्फावर पालथा टाकला आणि दांड्याने दणादण बडवला. बाकी रशियात असं केलं की गालिचा लख्ख होतो आणि बर्फावर काळा चौकोन उरतो. आमच्या कुझबासमध्ये, सायबेरियातल्या कोळसा खाणींच्या मुलुखात, तिने गालिचा उचलला, तर खाली पांढराशुभ्र चौकोन. बर्फावरची सगळी कोळशाची धूळ गालिच्याला चिकटली होती.

मावशी मटकन खाली बसली. "दुपारी माझ्या ल्यूबाच्या सासरचे यायचेत सोयरीक ठरवायला. आणि गालिच्यावरची माझी हरणं बघ, खाणीतून ड्यूटी संपवून आल्यासारखी."

"काल दिवसभर वारा खाणीकडून होता, मावशी. आज बडवायला सांगितलं कुणी?"

"विद्यापीठात तू बर्फच शिकलीस ना? मग उपाय सांग. अक्कल नको शिकवूस."

मी फावड्याने बर्फ उभा कापला. खसखशीच्या केकसारखे थर दिसले: काळा, राखाडी, परत काळा आणि पार खाली जाड पांढरा.

"तो मागच्या वादळाचा. तेव्हा वारा उलटा होता. तेवढा उघडा केला तर—"

पुढचं कुणी ऐकलंच नाही. अख्खी बिल्डिंग फावडी घेऊन उतरली. घाईत वरचा काळा बर्फ वाऱ्याच्या तोंडावर फेकला, तो सगळा आमच्याच तोंडावर आला. शेवटी कमरेएवढा खड्डा झाला, तळ पांढरा. पण त्यात दांडा फिरवायला जागाच नव्हती. मग गालिचा पालथा घालून आम्ही जाड लोकरी नमद्याच्या बुटांनी त्यावर नाचू लागलो. केसांना रोलर लावलेली ल्यूबासुद्धा.

एवढ्यात गाडी थांबली. होणारे सासरे ग्लेब अर्काद्येविच नव्या कोटात खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहिले. ते खाणीवर डंपर चालवतात.

"हे काय चाललंय?"

"हुंडा धुतोय," ल्यूबा धापा टाकत म्हणाली.

मावशीने डोळेच मिटून घेतले.

त्यांनी टोपी बायकोच्या हातात दिली. "ही धूळ उडवण्यात माझी उमर गेली. सरका जरा," म्हणाले आणि उडी मारली.

दमल्यावर गालिचा उचलला. खाली काळाकुट्ट चौकोन. गालिच्याकडे कुणी बघेना, सगळे त्या चौकोनालाच टाळ्या वाजवत होते. मावशी तर त्याला वाकून नमस्कार करायची बाकी होती.

मग ल्यूबाने गालिचा सुलटा केला. हरणांच्या पायाखाली हिरवंगार गवत होतं.

"अगं आई," ती म्हणाली, "मला लहानपणापासून वाटायचं, चित्रात रात्र आहे."

"दिवस आहे ना?" खड्ड्यातूनच ग्लेब अर्काद्येविच म्हणाले. "मग लग्नाचाही ठरवून टाकू."