मखमलीची पाठ

मी एक कात्री आहे, आणि तीही डावखुरी. उजव्या हाताने धरलंत तर कापड माझ्या पात्यांत नुसतं दुमडतं आणि माणूस मला बोथट म्हणून नावं ठेवतो. आता या वयात सांगायला हरकत नाही, बोथट मी कधीच नव्हते.

माझं चित्र कटिंग मास्तरांनी काढलं होतं. कपडे शिवून विकणाऱ्या एका फार मोठ्या नावाच्या घराण्यात ते कापड बेतत असत. कात्र्या घडवणाऱ्याने ते चित्र परत पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘मास्तर, चित्र उलटं आलंय.’ मास्तरांनी त्याखाली लिहिलं, ‘चित्र सुलटंच आहे. हात उलटा आहे.’ मग मी घडले.

तो हात धाकट्यांचा, म्हणजे घराण्याच्या मालकांच्या मुलाचा. वडील अचानक गेले तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते आणि घराण्याची सगळी मालकी त्यांच्याकडे आली. कारभार त्यांची आत्याच बघत होती, तीच बघत राहिली. धाकट्यांना एकदा कामाची खोली दाखवायला आणलं, तर त्यांनी मास्तरांची कात्री डाव्या हातात उचलली आणि अस्तराचा तुकडा पार चुरगाळून ठेवला. लाजून निघून गेले. दोन महिन्यांनी मास्तरांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून धाकट्यांच्या हातात दिलं.

“सकाळी साडेसहाला येत जा,” मास्तर म्हणाले. “माणसं आठला येतात.”

मालक टेबलाशी उभा राहिला की कामगारांचे हात आखडतात, असं आत्याचं मत. धाकट्यांना तर कुणी बघत असलं की घासही गिळवत नसे. त्यामुळे ती वेळ सगळ्यांना सोयीची होती. पहिलं वर्ष चिंध्या. मग अस्तरं, खिसे, मग बाह्या. पुढे पुढे मास्तर नुसते खुर्चीत बसून चहा पीत आणि अधूनमधून “हं” म्हणत. त्यांचं “हं” दोन प्रकारचं असे. एक ऐकलं की आम्ही पुढे जायचो, दुसरं ऐकलं की जागच्या जागी थांबायचो.

पावणेआठला मी मास्तरांच्या ड्रॉवरमध्ये आणि धाकटे वरच्या मजल्यावर.

एवढा अब्जाधीश माणूस, पण गावात त्यांना कुणी ओळखत नसे. त्यांच्या श्रीमंतीची बातमी छापायची झाली की वर्तमानपत्रवाले फोटोच्या जागी दुकानाचं दार छापत. एकदा त्यांच्याच दुकानाच्या दरवानाने त्यांना अडवलं. “काय हवंय साहेब?” “काही नाही, बघत होतो,” असं म्हणून हे चक्क परत फिरले. ही गोष्ट त्यांनी मास्तरांना सांगितली तेव्हा दोघे इतके हसले की मी टेबलावरून पडता पडता वाचले.

अशी एकोणीस वर्षं गेली.

मग ती मखमल आली. गडद निळी रेशमी मखमल, साडेचार मीटर. ती विणणारी गिरणी बंद पडली होती, त्यामुळे पुन्हा तसं कापड मिळणार नव्हतं. एका वृद्ध गायिकेचा शेवटचा कार्यक्रम होता आणि तिला त्या मखमलीचा कोट हवा होता. आयुष्यभर ती आमच्याकडचंच घालत आली होती.

मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर रंगच बदलतो. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे असतात. मास्तरांनी बजावलं होतं, “मखमलीला मी आल्याशिवाय हात लावायचा नाही.” पण त्या दिवशी गुडघ्यामुळे त्यांना डॉक्टरकडे जावं लागलं. धाकट्यांना धीर धरवला नाही. त्यांनी समोरचे भाग कापले, बाह्या कापल्या, आणि पाठीचा कागदी साचा उलटा मांडला.

पहिल्याच कापाला मला कळलं. लव माझ्या पात्यावर उभी राहत होती. पण कात्रीने सांगायचं तरी कसं? मी जरा अडखळले. धाकट्यांना वाटलं, स्क्रू सैल झालाय. त्यांनी तो आवळला आणि पुढे कापत राहिले.

तुकडे गुंडाळून ते वर गेले. तीन दिवसांनी कच्चे टाके घालून कोट खिडकीपाशी टांगला, तेव्हा चूक सगळ्यांना दिसली. समोरून कोट रात्रीच्या आभाळासारखा, आणि पाठ करडी, धूळ बसल्यासारखी. कापडही उरलं नव्हतं.

आत्या खाली आली. कोट बघितला, मग मास्तरांकडे बघितलं.

“माझ्या हातून झालं,” मास्तर म्हणाले. “नजर राहिली नाही आता.”

आत्या वाईट बाई नव्हे. तिने त्यांचा हात हातात घेतला. “मास्तर, खूप केलंत. शुक्रवारी आपण तुम्हाला मानाने निरोप देऊ.”

हे कळल्यावर त्या रात्री धाकटे झोपले असतील असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाला ते आलेच नाहीत. आले ते भर अकराला, सगळी माणसं असताना. इस्त्रीवाल्याने त्यांना दारातच थांबवलं, “पार्सल तिकडे द्यायचं, पलीकडच्या दाराला.” धाकटे तसेच पुढे आले. त्यांनी ड्रॉवर उघडला, मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. हात इतका घामेजला होता की मी निसटणार होते.

“ही कात्री माझी आहे,” ते म्हणाले. “पाठ मी कापली.”

“काहीतरीच!” मास्तर खुर्चीतून उठले. “मला वाचवायला बोलतायत ते. ऐकू नका.”

तोवर कुणीतरी आत्याला बोलावून आणलं होतं. ती एकदा पुतण्याकडे, एकदा मास्तरांकडे बघत होती. तेव्हा कच्चे टाके घालणाऱ्या मावशी पुढे झाल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कोटाची शिवण उलटी केली.

“कडा जुळवायला मारलेले हे छेद बघा, बाईसाहेब. मास्तरांचे उजवीकडे कलतात, हे डावीकडे. एकोणीस वर्षं बघतोय आम्ही. या खोलीत एक डावरा माणूस कापतो, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. कोण, ते तेवढं आज कळलं.”

धाकट्यांचे कान लाल झाले. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण कुणाला दिसतच नाही.

“आणि मला कुणी बोललं नाही?” आत्या म्हणाली.

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

आत्या इस्त्रीच्या स्टुलावर बसली. कोटाची बाही हातात घेऊन म्हणाली, “बाह्या चांगल्या बसल्यात.” मग उठून पुतण्याला म्हणाली, “त्या गायिकाबाईंना तूच सांगायचं. मी नाही.”

गायिका ट्रायलला आली तेव्हा धाकट्यांनी सांगितलं. तीन वाक्यं होती, पण त्यांना त्यासाठी दोनदा पाणी प्यावं लागलं. तिने आरशापुढे वळून पाठ बघितली.

“श्रोत्यांकडे पाठ करून मी आयुष्यात कधी गायले नाही,” ती म्हणाली. “आता कशाला गाईन? शिवून टाका.”

मास्तर त्या शुक्रवारी गेले नाहीत. पुढच्या वर्षी निवृत्त झाले, स्वतःच्या मर्जीने. धाकटे आता आठला सगळ्यांबरोबर येतात. गायिकेने मुलाखतीत सगळं सांगून टाकलं, म्हणून मधे काही महिने फोटोवाले दाराशी उभे असत. धाकट्यांना त्याचा फार त्रास झाला. मग ते लोकही कंटाळून गेले.

माझं म्हणाल तर धार लावून लावून पाती निम्मी झाली. मखमल आता नव्या कात्रीकडे आहे. ती चांगली आहे, थोडी गर्विष्ठ. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये म्हणतात. मी आता कागदच कापते, साच्यांचे; कागद ताठ असतो, उजव्या हातातही दुमडत नाही.

दुकानातल्या काचेच्या कपाटात मला मांडायचं चाललंय, असं कानावर आलं. तेवढं करू नका. तिथे माणसं बघतील, वाहवा करतील आणि पुढे जातील. इथे दिवसातून दहादा कुणीतरी मान वर न करता हात पुढे करतं आणि म्हणतं, “जरा ती कात्री दे गं.”