पाण्याला कसं कळतं

इम्के साटहोफने सकाळी सातपासून टेबलावरचा पांढरा कपडा चार वेळा सरळ केला, आणि चारही वेळा तो आधीच सरळ होता.

स्टाफरूममधल्या त्या टेबलावर सफरचंदाचा केक होता, चहाची किटली होती, तीन कप, खडीसाखर आणि साय. परीक्षा घेणाऱ्यांना परीक्षा देणाऱ्यानेच खाऊपिऊ घालायचं, असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. पण ते मोडायची छाती आजवर कुणाची झाली नाही. केक तिच्या आईचा होता. तेडा साटहोफ म्हणजे गावची बेकरी तीस वर्षं एकटीने ओढलेली बाई. पहाटे डबा हातात देतानाच ती बोलली होती, "मागल्या खेपेला तिघांनी तीन-तीन कप रिचवले आणि वर तुला नापास केलं. ज्याचं खाल्लं त्याची थोडी तरी चाड ठेवावी माणसाने."

"आई, चहाचे मार्क नसतात."

"नसतील. पण पाहुणा पहिल्याच कपात चमचा उभा करून पुरे म्हणाला, तर समज की त्याच्या पोटात काहीतरी आहे. तीन कप घेतले तर माणूस मोकळा. हे मला कुठल्या विद्यापीठाने शिकवलेलं नाही."

इम्केने मात्र विद्यापीठात पाच वर्षं काढली होती. त्यावर दीड वर्ष या प्राथमिक शाळेत शिकाऊ शिक्षिका म्हणून. सगळ्याच्या शेवटी परीक्षेचा पाठ, परीक्षकांसमोर घ्यायचा, पंचेचाळीस मिनिटांचा. त्यात नापास झालं तर आणखी एकदा देता येतो. तिसऱ्यांदा नाही. आजचा दुसरा होता. आज पडली तर साडेसहा वर्षं गुंडाळून आईच्या बेकरीत पाव मोजायला उभं राहायचं, आणि बेकरीत येणारा जो तो विचारणार, काय गं, तू तर मास्तरीण होणार होतीस ना?

मागल्या खेपेला तिने काय केलं होतं? काहीच नाही, हाच गुन्हा. अकरा पानांचं टाचण काढलं होतं, मिनिटामिनिटाचा हिशेब लावून. मध्येच एका मुलीने टाचणात नसलेलं काहीतरी विचारलं, आणि इम्के म्हणाली, "नंतर बघू." नंतर बघायला ती विसरली. तिच्या प्रशिक्षक ओल्टमान्स बाईंनी अहवालात एकच ओळ खाली रेघ मारून लिहिली होती, की मुलीला नंतर सांगितलं आणि ते नंतर काही आलं नाही. ती ओळ इम्केला तेव्हापासून दातात अडकलेल्या तुसासारखी टोचत राहिली.

या वेळी तिने हयगय केली नाही. विषय होता, काय तरंगतं आणि काय बुडतं. वर्ग तिसरी अ. क्लेचा गोळा पाण्यात बुडतो, त्याच क्लेची होडी केली की तरंगते. मुलांनी हे आपलं आपण शोधायचं, विसाव्या मिनिटाला. परीक्षेच्या वर्गासोबत आधी तालीम करणं म्हणजे लबाडी, थेट नापास. शेजारच्या तुकडीवर करून बघायला मात्र मुभा असते. म्हणून मंगळवारी तिने तोच पाठ तिसरी ब वर घेतला. छान झाला. त्या आनंदात ती एक गोष्ट विसरली, जी शाळेच्या शिपायानेही सांगितली असती. अ आणि ब ची मुलं एकाच मैदानावर चेंडू लाथाडतात आणि एकाच बसने घरी जातात.

साडेनऊला परीक्षक वर्गाच्या मागच्या भिंतीशी बसले. अध्यक्ष ब्रुंकेन, लांब चेहऱ्याचे, मांडीवर टाचणाची प्रत. शेजारी ओल्टमान्स बाई, आणि कडेला मुख्याध्यापक, ज्यांना घाम पुसण्यापलीकडे काम नव्हतं. बावीस मुलं हाताची घडी घालून बसली होती. केस विंचरलेले. याब्बोने तर शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलं होतं. याब्बोच्या शर्टाला वरचं बटण आहे हे इम्केला त्या दिवशी कळलं.

तिने पाण्याचा टब पुढे घेतला, हातात क्लेचा गोळा धरला. "हा पाण्यात टाकला तर काय होईल?"

बावीस हात वर. एवढे हात तिने दीड वर्षात पाहिले नव्हते. याब्बो अर्धा उभाच राहिला होता. तिने मान हलवायच्या आतच तो म्हणाला, "बुडेल बाई. पण होडी केली की तरंगेल, कारण ती जास्त पाणी बाजूला ढकलते."

तिसरं मिनिट चालू होतं. हे वाक्य टाचणाच्या दहाव्या पानावर होतं.

मागे ब्रुंकेन यांच्या पेनाचं टोपण उघडलं. इम्केच्या हातातला गोळा एकाएकी ओलसर लागायला लागला. एक रस्ता सरळ होता. छान म्हणून पुढे जायचं, मुलांना माहीत असलेलं पुन्हा शोधायला लावायचं, आणि मुलांनीही बाईंसाठी गुणी नाटक करायचं. तेवढ्यासाठीच मुलं केस विंचरून आली होती, हे तिला दिसत होतं.

"याब्बो, तुला हे कुठून कळलं?"

"एन्नोने सांगितलं. ब मधल्या. बसमध्ये." मग त्याला वाटलं आपण काहीतरी सांडलं, म्हणून त्याने भर घातली, "आम्ही सगळे पाठ करून आलोय, बाई. तुमचा पेपर आहे म्हणून."

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले.

"बरं," इम्के म्हणाली. "मग एन्नोने सांगितलं ते खरं कशावरून? ज्याला पटत नाही त्याने सांगावं."

बाईंना मदत करायला आलेली मुलं बाईंचं खोडणार कशी? ती टबाभोवती एक फेरी मारून आली, खडू उचलला, ठेवला. पाचवं मिनिट. सहावं. मग खिडकीजवळून ताल्के म्हणाली, "मला नाही पटत."

ताल्के आठवड्यातून दोनदा बोलते, त्यातलं एकदा शू लागली म्हणून.

"काय नाही पटत?"

"गोळा आणि होडी तेवढीच जड आहेत. क्ले तीच आहे. मग पाण्याला कसं कळतं, कुणाला बुडवायचं?"

"ढकलते ना ती पाणी," याब्बो म्हणाला.

"गोळापण ढकलतो. टाकला की पाणी वर येतं."

"पण होडी जास्त ढकलते."

"का?"

याब्बोने गळ्याचं बटण सोडलं. "एन्नोने तेवढंच सांगितलं."

वर्ग हसला, आणि हसल्याबरोबर हाताच्या घड्या सुटल्या. इम्केने क्लेचे सारखे गोळे आणि पाण्याची भांडी बाकांवर वाटली. कुणी म्हणालं, होडी हलकी असते. ताल्केने फूटपट्टी रबरावर आडवी टाकून तराजू केला. या टोकाला गोळा, त्या टोकाला होडी. पट्टी सरळ राहिली. तरी तिघांना पटलं नाही, त्यांनी टोकं बदलून पाहिली. कुणी होडीला भोक पाडलं, कुणी गोळा पोकळ केला, पाणी जमिनीवर आलं, ओल्टमान्स बाईंनी पाय वर घेतले. इम्के या बाकावरून त्या बाकाकडे धावत होती. टाचण टेबलावर भिजत होतं, आणि तिने त्याच्याकडे दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा नाही. पंचेचाळीस मिनिटं संपली तेव्हा फळ्यावर निष्कर्षाच्या जागी फक्त ताल्केचा प्रश्न होता.

स्टाफरूममध्ये ब्रुंकेन यांनी एक कप चहा घेतला आणि चमचा कपात उभा केला.

"तुम्ही हा पाठ या वर्गाकडून आधी करून घेतला होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही. ब वर घेतला, मंगळवारी. वेळापत्रकात नोंद आहे. मुलं एकाच बसने जातात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, ते आलं नाही."

"मुलगा म्हणाला, पाठ करून आलोय."

"हो, म्हणाला."

"तुम्ही त्याला थांबवू शकला असता."

इम्केने पाठानंतर बोलायला लिहून आणलेला कागद घडी करून बाजूला ठेवला. त्यातलं एकही वाक्य आज खपण्यासारखं नव्हतं. "थांबवू शकले असते. मग मलाही कळलं नसतं की त्यांना वाक्य येतंय पण समजलेलं नाही. मंगळवारी ब नेही हेच वाक्य म्हटलं होतं, आणि मी खूश होऊन घरी गेले होते."

तिला बाहेर थांबायला सांगितलं. कॉरिडॉरमध्ये बाक होता, ती बसली नाही. मुलांच्या कोटांच्या खुंट्या मोजल्या, दोनदा, दोन्ही वेळा वेगळा आकडा आला. दाराआडून ब्रुंकेन यांचा आवाज चढला, लबाडी असा शब्द आला. मग ओल्टमान्स बाई, सावकाश: "तालीम केलेला वर्ग असा अडतो का, ब्रुंकेन? तुम्हीच सांगा. त्या पोराला पुढचं एक वाक्य येत नव्हतं." मग बशीवर काटा वाजला. कुणीतरी केक खात होतं.

दार उघडलं तेव्हा कॉरिडॉरमधली तिची एकोणिसावी फेरी चालू होती.

"उद्दिष्ट गाठलं नाही," ब्रुंकेन म्हणाले. "वेळेचं नियोजन कोसळलं. निष्कर्ष नाही. चार." एक हा सर्वांत वरचा गुण, पाचला नापास. चार म्हणजे उंबऱ्याच्या आत, पण फक्त टाच आत. "पास आहात तुम्ही, साटहोफ बाई."

ओल्टमान्स बाई कोट चढवताना तिच्याजवळ थांबल्या. "त्या मुलीला काय सांगणार आहात?"

"उद्या तिसऱ्या तासाला."

"मी विचारलं, काय सांगणार?"

इम्के फळ्यावरचा ताल्केचा प्रश्न वहीत उतरवून घ्यायला गेली.

दुपारी बेकरीत तेडाने डब्याचं झाकण उघडलं. केकचा एकच तुकडा उरला होता. "किती?"

"चार."

"चार. अर्धा किलो लोणी घातलं होतं मी त्यात." तिने लेकीला एकदा घट्ट धरलं, लगेच सोडलं आणि चहा ओतला. "किती कप प्यायला तो लांबतोंड्या?"

"एक."

"मी काय म्हणत होते?"

इम्के चहा ढवळत होती. त्यांच्या भागात चहा ढवळत नाहीत, साय आपोआप पसरू देतात. तेडाने तिच्या हातातून चमचा काढून घेतला. "पास झालीस ना? मग बूड टेकवून बस की."

ती बसली नाही. ओट्यावर उरलेला कणकेचा गोळा तिने उचलला, भांडी विसळायच्या टबात सोडला. बुडाला. काढला, अंगठ्याने खोलगट केला, पुन्हा सोडला. डुगडुगला, पण राहिला वर.

"काय पोरखेळ चाललाय?"

"ताल्के विचारते, दोन्ही तेवढंच जड, मग पाण्याला कसं कळतं. नऊ वर्षांच्या मुलीला कळेल असं सांगायचंय, उद्या."

"तेवढंच जड कसं असेल? तरंगतंय म्हणजे हलकं झालंय."

"नाही झालं, आई."

"तुझी पुस्तकं मला शिकवू नकोस. तीस वर्षं कणीक तोलतेय मी." तेडाने ओली होडी उचलली, तळहातावर खालीवर केली. कपाळाला आठी पडली. दुकानात गिऱ्हाइकाने घंटी वाजवली, तिने लक्ष दिलं नाही. "तो वजनकाटा आण इकडे," ती म्हणाली. "आणि मला बघू दे. तू पारडं ढकलून ठेवशील."