फुसाएने पॉलिश केलेली तलवार

तलवारीला पुन्हा गंज चढवून आणणार नाही, असं मी कासाहारा सेन्सेईंना तीन वेळा सांगितलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा वाटलं, मला कळलं नाही. तिसऱ्यांदा त्यांचे कान लाल झाले.

आमच्या त्सुबामे गावात चमचे, काटे आणि सुऱ्या तयार होतात. मी बेचाळीस वर्षं चमच्यांच्या प्रेसवर होतो. माझी बायको फुसाए घरामागच्या शेडमध्ये बफाच्या चाकावर पॉलिशचं काम करायची. कारखान्यातून काळपट चमच्यांच्या पेट्या यायच्या आणि तिच्या हाताखालून लखलखीत होऊन जायच्या. संध्याकाळी तिचं तोंड काळं झालेलं असे, फक्त चष्म्याच्या जागी दोन पांढरे गोल. गल्लीतल्या निम्म्या बायका हेच काम करत. पण डाग राहिला म्हणून चमचा परत आला, असं फुसाएच्या बाबतीत एकदाही झालं नाही.

निवृत्त झाल्यावर मला तलवार घ्यावीशी वाटली. का, ते सांगता येणार नाही. आमच्या घराण्यात सामुराई कोणी नव्हता; खिळे ठोकणारे होते. फुसाए म्हणाली, "घ्या की. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात जाणारं लोखंड घडवलंत. आता एक स्वतःसाठी घ्या."

निईगाता शहरात कुवाबारा नावाच्या माणसाचं जुन्या तलवारींचं दुकान आहे. त्याने माझ्यापुढे तीन तलवारी ठेवल्या आणि म्हणाला, "किंमत विचारू नका. आधी आवडते कोणती ते सांगा." मी पहिली उचलली, एक डोळा मिटला आणि पाठीवरून टोकापर्यंत नजर लावली. चमच्याचा दांडा सरळ आहे की नाही ते मी असंच बघत आलो.

कुवाबारा हसला. "कारखान्यातले दिसता."

"प्रेसवर होतो."

"मग वाकलेलं तुम्हाला माझ्याआधी दिसेल. आता दिव्याखाली तिरकी धरा."

धरली. धारेच्या कडेने एक पांढुरकी रेघ टोकापर्यंत गेली होती. पहिल्या तलवारीत ती मध्येच तुटत होती. दुसरीत अगदी एकसारखी होती, छापल्यासारखी. तिसरीत वरखाली होत होती, पण कुठे थांबत नव्हती. मी म्हटलं, ही.

त्याने तिसरीच्या मुठीतली बांबूची खुंटी काढली, मूठ ओढून बाजूला ठेवली आणि आतला देठ दाखवला. काळपट तपकिरी गंज, त्यात कोरलेली दोन अक्षरं, म्हणजे लोहाराचं नाव, आणि दोन भोकं. "पातं दर शंभर वर्षांनी कोणीतरी घासतोच," कुवाबारा म्हणाला. "त्यावरून वय कळत नाही. वय इथे असतं. पात्याला तेल लावा. देठाला काहीही करायचं नाही. कळलं?"

मी मान डोलावली. घरी येऊन फुसाएला पात्याबद्दल सगळं सांगितलं. खुंटी कशी काढायची तेही दाखवलं. देठाबद्दल सांगायचं राहून गेलं.

जानेवारीत माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. चार दिवस दवाखान्यात होतो. घरी आलो तेव्हा फुसाए शेडच्या दारात उभी होती, तोंड काळं करून.

"बूट काढू नका. आधी इकडे या."

"अगं, टाके आहेत मला."

"टाके काही पळून जात नाहीत. या." तिने बाकावरचा टॉवेल उलगडला. पातं दुसऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं आणि मूठ काढलेली होती. "त्या माणसाने तुम्हाला गंडवलं हो! म्हटलं, तुम्ही यायच्या आत जरा पुसून ठेवावं. मूठ काढते तर आत हा एवढा गंज! गिऱ्हाईकाला दिसतं तेवढंच चकचकीत. मी असं काम दिलं असतं तर पेटी तोंडावर मारली असती माझ्या."

"मग काय केलंस?"

"काय करणार? दोन दिवस घेतले. तीन चाकं लावली, शेवटचं कापडाचं. अक्षरांना जपलं हं मी. बघा तरी, तोंड दिसतं."

मी देठ दिव्याकडे धरला. त्यात माझं तोंड दिसत होतं, दाढीचे खुंट वेगवेगळे मोजता येतील इतकं स्वच्छ. दुसऱ्या अक्षराची एक रेघ पुसट झाली होती. कुवाबाराचं बोलणं मला त्याच क्षणी आठवलं.

"बरोबर केलं ना?" तिने विचारलं.

"एकदम बरोबर," मी म्हणालो. "पहिल्या नंबरचं काम."

"मग!" असं म्हणून तिने अॅप्रनला हात पुसले.

एप्रिलमध्ये ती गेली. शेडमध्येच, चाक चालू असताना. मेंदूतली शीर फुटली. मी घरातून जेवायला हाका मारत होतो. मला वाटलं, चाकाच्या आवाजात तिला ऐकू येत नाही.

माझ्याच कारखान्यात, मुलामा चढवायच्या खात्यात, म्योदो होता. तोच मला तलवारींच्या अभ्यास मंडळात घेऊन गेला. "फोटोपुढे भात ठेवतोस आणि दिवसभर त्याच्याशीच बोलतोस," तो म्हणाला. "जरा जिवंत म्हाताऱ्यांशी बोल. तेही काही फार वेगळे नाहीत, पण भजी आणतात."

मंडळ महिन्याच्या पहिल्या रविवारी समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर भरतं. कासाहारा सेन्सेई, म्हणजे गुरुजी, अध्यक्ष. पूर्वी दातांचे डॉक्टर होते. निळ्या कापडावर पाच तलवारी रांगेत मांडतात. देठ फडक्यात गुंडाळलेले असतात, म्हणजे नाव कोणाला वाचता येऊ नये. प्रत्येकाने तलवारीपुढे वाकून नमस्कार करायचा, न बोलता बघायचं आणि लोहार कोण असावा ते चिठ्ठीवर लिहायचं. तीन महिने माझी प्रत्येक चिठ्ठी चुकली. चौथ्या महिन्यात एकाचा प्रांत बरोबर आला. म्योदोने मला कोपर मारलं. पाचव्या महिन्यात मी माझी तलवार नेली.

सेन्सेईंनी ती दिव्याखाली धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मग म्हणाले, "एचिगोचं, आपल्याच प्रांतातलं काम. साडेतीनशे वर्षांचं. पोलाद फार चांगलं आहे. तामाकीसान, नवशिक्याच्या हाताला हे लागलं कसं?" सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मला फार बरं वाटलं, हे मी कबूल करतो.

मग त्यांनी खुंटी काढली आणि मूठ ओढली.

कोणीतरी श्वास आत ओढला. मागून एकजण हसला आणि लगेच गप्प झाला.

"हे कोणी केलं?"

"माझ्या बायकोने."

"त्यांना बोलावून विचारायला हवं, काय लावलं होतं."

"ती वारली."

सेन्सेई म्हणाले, "वाईट झालं." ते ती गेल्याबद्दल म्हणाले की देठाबद्दल, मला कळलं नाही. तलवार खाली ठेवून ते इतरांकडे वळले. "बघून ठेवा सगळ्यांनी. साडेतीनशे वर्षं जपलेला गंज. एका दुपारी खून केला."

"दोन दिवस," मी म्हणालो. "दुपार नाही. दोन दिवस लागले तिला."

म्योदो माझी बाही ओढत होता. मी हात सोडवून घेतला.

पुढच्या आठवड्यात सेन्सेईंनी मला घरी बोलावलं. माणूस वाईट नाही. चहा आणि मुळ्याचं लोणचं स्वतः घेऊन आले. म्हणाले, "नोव्हेंबरमध्ये निईगातात परीक्षक येणार आहेत. अशा देठाला ते प्रमाणपत्र देणार नाहीत. तलवारीच्या जगात ती तलवार मेल्यातच जमा. पण सान्जोला माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे. तो गंज पुन्हा चढवतो. सहा महिने लागतील, म्हणजे परीक्षकांच्या पुढच्या खेपेला नेऊ. परीक्षकांना शंका येईल, पण दुरुस्ती म्हणून चालवून घेतात. मग तुमच्या म्यानावर मी स्वतः लिहीन."

ही छोटी गोष्ट नव्हती. तलवार ठेवायच्या साध्या पांढऱ्या लाकडाच्या म्यानावर जाणकार माणूस शाईने लिहितो, लोहार कोण, लांबी किती, कोणी पारखली. सेन्सेईंचं अक्षर आणि खाली त्यांची सही यासाठी लोक वर्षवर्ष थांबतात.

मी पहिल्यांदा नाही म्हणालो ते तेव्हा.

"तामाकीसान, तलवार तुमची नसते. तुम्ही राखणदार. तुमच्या आधी वीसजण होते, पुढे वीसजण येतील."

"मग त्या वीसजणांत माझी बायको एक."

"त्यांनी राखली नाही. नासवली."

"सेन्सेई, या देठाला दोन भोकं का आहेत?"

"मागे कोणीतरी तलवार थोडी आखूड करून घेतली. जुनं भोक सोडून नवं पाडलं."

"त्याला खुनी म्हणालात नाही तुम्ही."

"तो कारागीर होता. तलवार कापण्याची रीत असते."

"फुसाएही कारागीर होती. चाळीस वर्षं. तिच्या कामाची रीत म्हणजे गंज काढायचा."

त्यांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे त्यांनी केलं ते बरोबर होतं, असं तुमचं म्हणणं?"

"नाही. चूक होती. तीही माझी. मला दुकानदाराने सांगितलं होतं, मी तिला सांगितलं नाही. पण तिने मला विचारलं, बरोबर केलं ना, आणि मी हो म्हणालो. ती तेवढंच घेऊन गेली. आता तिच्या मागे सान्जोला जाऊन मी ते खोटं पाडू?"

"मेलेल्या माणसाला काय कळणार आहे?"

"मला कळेल."

तेव्हाच त्यांचे कान लाल झाले. "मग ती तलवार आमच्या रांगेत येणार नाही. नवे लोक चुकीचं शिकतील."

मी चहा संपवला, नमस्कार केला आणि निघालो.

घरी आल्यावर दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी म्योदोला बोलावलं आणि शाई उगाळायला बसवलं.

"तू? म्यानावर?" तो म्हणाला. "अरे, तिथे लिहायला पन्नास वर्षांचा अभ्यास लागतो. तुझ्या चिठ्ठीवर तर एक प्रांत बरोबर येतो फक्त. आणि अक्षर म्हणशील तर कोंबडी चिखलातून गेलेली बरी."

"उगाळ तू."

"लाकूड शाई पिऊन घेतं. मग रंधा मारल्याशिवाय निघत नाही."

"म्हणूनच तर."

मी लोहाराचं नाव लिहिलं, अक्षराची पुसट झालेली रेघ ठळक काढून. लांबी लिहिली. खाली लिहिलं: देठाचं पॉलिश त्सुबामेच्या तामाकी फुसाएने केलं, तीन चाकांवर, दोन दिवसांत. गंजाचा एक ठिपका राहिलेला नाही. ओळी तिरक्या गेल्या, आणि एक शाईचा थेंब नको तिथे पडला. म्योदोने वाचलं आणि नाक पुसलं. मग म्हणाला, "फुसाएसान बघती तर थेंबावरून तुला बोलली असती."

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी लवकर गेलो. रांगेत पाच तलवारी होत्या. मी शेवटच्या तलवारीपलीकडे माझी ठेवली, मूठ काढून. देठावर फडकं घातलं नाही. लपवण्यासारखं काही नव्हतं. शेजारी म्यान ठेवलं, लिहिलेली बाजू वर करून.

सेन्सेई आले. त्यांनी बघितलं. "उचला ती."

"नाही उचलत."

"मंडळाचा नियम आहे."

"मंडळातून काढा मला. मग उचलेन."

अकरा माणसं खोलीत होती. सेन्सेई खाली बसले, चष्मा वर सरकवून त्यांनी म्यान वाचलं. अगदी शेवटपर्यंत वाचलं. "पॉलिश," ते म्हणाले. "म्यानावर हा शब्द कोणी लिहीत नाही."

"मी लिहिला."

ते उठले आणि सगळ्यांना म्हणाले, "सुरू करा." मला काढलं नाही. तलवार ठेवा असंही म्हणाले नाहीत.

माणसं एकेक करून रांगेतून जाऊ लागली. पहिला माझ्या तलवारीशी आला, तिच्याकडे न बघता पुढे गेला. दुसराही गेला. तिसरा म्योदो. त्याने गुडघे टेकले, कपाळ चटईला लागेल इतका वाकला आणि तलवार दोन्ही हातांनी उचलली. त्याच्यामागून आलेल्यांपैकी चौघांनी तसंच केलं. बाकीचे गेले. एका म्हाताऱ्याने नमस्कार केला नाही, पण देठात डोकावून हळूच केस सारखे केले. मला ते चाललं. चमचा असो की देठ, लोक त्यात तोंड बघणारच.

शेवटी सेन्सेई आले. त्यांनी तलवार उचलली, पात्यावरून नजर फिरवली, मग देठाशी आले. दातांचा डॉक्टर दाढ बघतो तसं त्यांनी तो उजेडाकडे वळवून प्रत्येक कोपरा बघितला, भोकांच्या आतल्या कडासुद्धा. तिने त्याही सोडल्या नव्हत्या.

"एक जागा सुटलेली नाही," ते तोंडातल्या तोंडात म्हणाले. मग मोठ्याने: "हा गंज परत यायला शंभर वर्षं लागतील, तामाकीसान."

"येईल तेव्हा येऊ दे," मी म्हणालो. "आणायला मी जाणार नाही."

त्यांनी तलवार खाली ठेवली. नमस्कार केला नाही. पण जशी मी ठेवली होती तशीच ठेवली, देठ उघडा, म्यानाची लिहिलेली बाजू वर, आणि मग चिठ्ठ्या गोळा करायला गेले.

माझ्या पाचपैकी दोन चिठ्ठ्या बरोबर आल्या.