पानवाडीच्या झापाशी

लग्न होऊन मी वसईच्या या वाडीत आले, त्याच महिन्यात सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "आज आत चालतं ना?" आमच्या पानवेलींच्या तुकड्याच्या दाराला नारळाच्या झावळ्यांचा झाप आहे, त्याच्यापाशी उभ्या राहून. पाळी आलेल्या बाईने पानवेलींत पाऊल टाकायचं नाही, वेल सुकते, असं या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानतात. मी बोळिंजच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, बी.एस्सी. झालेली आणि तोंडाची तिखट. मी म्हटलं, वेलीला कसं कळतं हो, तिच्याकडे काय कॅलेंडर आहे? त्या पानं खुडायला आत गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. मग रोजच. माझं डोकं फिरायचं.

खरी आग मात्र वेगळीच होती. 'नाही चालत' म्हणायची वेळ आली की त्यांचा चेहरा पडायचा आणि माझाही. म्हणजे याही महिन्यात काही नाही. एकदाच दिवस गेले होते, तेही राहिले नाहीत.

गेल्या वर्षी छातीत गाठ सापडली. लवकर सापडली म्हणून जो तो मला नशीबवान म्हणत होता. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! गाठ काढली, केमो झाली, रेडिएशन झालं. केमोत पाळी गेली ती गेलीच, आणि सासूबाईंनी विचारणं बंद केलं. सकाळी टोपली माझ्या हातात द्यायच्या आणि झाप उघडायच्या, बस्स. इतकी वर्षं मी ज्यासाठी भांडले तेच मिळालं होतं, तर त्या उघड्या झापाकडे बघून मला रडू यायचं.

मग डॉक्टरीणबाईंनी पुढचं सांगितलं. माझी गाठ हार्मोनवर पोसणारी होती, म्हणून रोज एक गोळी आणि दर महिन्याला एक इंजेक्शन, निदान पाच वर्षं. पाळी बंदच राहील, आणि औषध चालू असताना मूल अजिबात नको. मला मूल हवं असेल तर, मी विचारलं. दीड-दोन वर्षं नीट घ्या, मग तपासण्या करून मध्ये थांबता येईल का ते बघू, पण दिवस राहतीलच अशी हमी मी देणार नाही, असं त्या म्हणाल्या. औषध घेतलंच नाही तर आजार परतण्याचा धोका वाढतो, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मी पस्तिशी ओलांडलेली. दोन वर्षांनी माझ्यात काय उरणार होतं?

नवरा, प्रीतम, दुसऱ्याच दिवशी गोळ्या घेऊन आला. मी त्या कपाटात कोंबल्या. त्याने विषय काढला की मी भांडायची. तुला बापच व्हायचं नसेल, असंसुद्धा एकदा बोलून गेले. तो ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही. काय करू, मला बाळ हवं होतं. बारशाला मांडीवर घेऊन परत द्यायचं नव्हे, माझं, परत न द्यायचं.

आणि एका सकाळी पाळी आली. मी बाथरूममध्ये एकटीच हसत सुटले. आता कशाला हवी गोळी, माझं शरीरच सांगतंय ना! टोपली न घेता झापापर्यंत गेले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आपणहून सांगितलं, आई, मला आज आत चालत नाही.

सासूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नातवंडाची आस त्यांनाही होतीच की. मला वाटलं, आता देवापुढे साखर ठेवायला धावतील. पण त्यांनी विचारलं, गोळी सुरू केलीस का? मी म्हटलं, नाही, आणि आता करणारही नाही.

त्यांनी माझं मनगट पकडलं. सत्तरीची बाई, पण वाडीत राबलेला हात. झाप ढकलला आणि मला ओढत थेट पानवेलींच्या मधोमध नेऊन उभं केलं. इतकी वर्षं या नियमाला हसलेली मी, मीच घाबरून म्हणाले, आई, वेल सुकेल.

"सुकू दे," त्या म्हणाल्या. "वेल मी परत लावीन. तुला कुठून आणू?"

मी तिथेच मातीत बसले आणि पोटभर रडले. त्या शेजारी बसून राहिल्या. त्या संध्याकाळी पहिली गोळी घेतली. पाण्याचा पेला प्रीतमने आणून दिला.

वेल काही सुकली नाही. देवाने डोळेझाक केली, असं सासूबाई म्हणतात. इंजेक्शनं सुरू झाली आणि पाळी पुन्हा थांबली. बाळ हवंय ते हवंच आहे, गोळीही रोज घेते. पण सासूबाई आता पुन्हा विचारू लागल्या आहेत. इंजेक्शनची तारीख त्यांना माझ्याआधी आठवते, उत्तर काय येणार ते पक्कं ठाऊक आहे, तरी रोज सकाळी कमरेवर टोपली धरून झापाशी थांबतात.

"आज आत चालतं ना?"

चालतं, आई, मी म्हणते. आणि मनात म्हणते, थांबा हो, औषध थांबेल तेव्हा एक दिवस नाही म्हणेन.