मनोऱ्याचा दोर आणि हळूबाई

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. दोर म्हटल्यावर कपडे वाळत घालायची दोरी डोळ्यांपुढे आली असेल, तर आधी कान धरा! मी चढाईचा दोर आहे. बोटाएवढा जाड, चांगला साठ मीटर लांब, आणि अंगावर लाल-पांढरी वीण. आता लालाचा विटकरी झालाय, पांढऱ्याचं काय झालंय ते विचारू नका, पण अंगात दम आहे.

माझा जन्म कारखान्यातला. आत पीळ घातलेले बारीक धागे आणि वर घट्ट विणलेलं कवच, असा माझा दुहेरी बांधा. आमच्या रिळातल्या एका तुकड्याला टांगून त्याला बांधलेलं ऐंशी किलोचं लोखंड पुन्हा पुन्हा खाली सोडलं. तो शेवटी तुटला बिचारा, पण इतका टिकला की आम्हा बाकीच्यांना पास केलं. माझा सख्खा भाऊच तो. आजही त्याची आठवण आली की पीळ आवळतो.

तिथून मी या आंतरराष्ट्रीय स्काउट केंद्रात आलो. तंबूंचं मोठं मैदान, स्वयंपाकघर, भांडार, शिवणखोली आणि मधोमध चार मजली उंच लाकडी मनोरा. सुट्ट्या लागल्या की देशोदेशींची पोरं इथे चढाई शिकायला येतात. सात हंगाम मी त्यांना पेललं. कुणी सरसर वर गेलं, कुणी अर्ध्यावर जाऊन असं भोकाड पसरलं की स्वयंपाकी धावत बाहेर आला. पण एकालाही मी पडू दिलं नाही. फुशारकी मारत नाही, माझी नोंदवही उघडून बघा. इथे प्रत्येक दोराची वही असते आणि त्याच्या बऱ्यावाईटाचं सगळं तिच्यात लिहितात.

त्याच वहीत यंदा कप्तानांनी लिहिलं, ‘नव्यांचा प्रशिक्षणाचा आठवडा, मग निवृत्ती.’ कप्तान म्हणजे मनोऱ्याचे प्रमुख. बावीस वर्षं हेच काम, झुपकेदार मिशा, आणि शिस्त अशी की त्यांच्यासमोर मीसुद्धा नीट गुंडाळून बसतो. मला भारी राग आला. धडधाकट असताना घरी बसवतात म्हणजे काय! पण भांडारातल्या काकांना ते म्हणाले, “नव्या मंडळींना शिकवायला हाच पाहिजे. याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही.” मग माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी गुरुजी झालो होतो ना!

यंदा चौदा हंगामी कर्मचारी आले. पहिला आठवडा नुसतं शिकायचं आणि शनिवारी यादी लागायची, कोण मनोऱ्यावर, कोण स्वयंपाकघरात, कोण तंबूंवर. त्यांत एक मुलगी होती. घरी आईबरोबर शिवणाचं दुकान चालवायची. इतकी हळू बोलायची की दुसऱ्याच दिवशी तिचं नाव हळूबाई पडलं. केंद्राच्या प्रमुख बाईंनी तिचा अर्ज वाचला आणि त्यांना आनंदच झाला. “अगं, देवासारखी आलीस! निम्मे तंबू फाटलेत. शिवणखोली तुझीच समज.”

ती काहीतरी पुटपुटली. कुणालाच ऐकू गेलं नाही.

काय पुटपुटली, ते मला कळलं संध्याकाळी, मला गुंडाळताना. “वर्षभर मशीनवर मान मोडून बसते रे,” ती मला म्हणाली. “एक हंगाम तरी मान वर करून काम करायचंय. मला मनोराच हवाय.” माणसं दोराशी बोलतात, मित्रांनो. एकट्याने काम करताना खूप जण बोलतात. पण इतकं मनापासून बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिची बोटं काय सांगू! आमची मुख्य गाठ आठाच्या आकड्याची. आधी दोरात सैलसर आठ करायचा, मग टोक कमरेच्या पट्ट्यातून ओवायचं आणि त्याच आठाच्या वाटेने पुन्हा मागे फिरवून आणायचं. मागे फिरवलं नाही तर ती गाठ नव्हेच, नुसता दिखावा. बाकीच्यांना दोन दिवस लागले. हळूबाईने दुपारच्या जेवणाआधी डोळे मिटून बांधून दाखवली.

घोडं अडलं ते बुधवारी. आमच्या मनोऱ्याचा एक कायदा आहे. चढणाऱ्याच्या गाठीवर जोडीदाराने बोट ठेवून ‘पाहिली’ म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आणि कुणालाही काही चुकीचं दिसलं तर त्याने ‘थांबा’ म्हणून ओरडायचं. ऐकणाऱ्याने जिथे असेल तिथे थांबायचं, मग तो कप्तान का असेना. थांबवलं म्हणून रागवायचं नाही. त्या दिवशी एकेकाला खाली उभं करून ‘थांबा’ म्हणायला लावलं. हळूबाईची पाळी आली. तिचे ओठ हललेले दिसले, बस. सगळे हसले. ती लाजून अर्धी झाली.

कप्तान हसले नाहीत. म्हणाले, “बाई, गाठीत तू पहिली. पण तुझा आवाज माझ्या मिशीपर्यंत पोचत नाही. वर वारा असतो. ज्याला मोठ्या माणसाला थांबवायची भीड वाटते, त्याला मी मनोऱ्यावर घेत नाही.” आणि सगळ्यांना बजावलं, “शुक्रवारी मी मुद्दाम एक चूक करून ठेवणार आहे. बघू कुणाचं लक्ष आहे ते.”

हळूबाई दोन दिवस भांडारामागे जाऊन ‘थांबा, थांबा’ घोकत होती. मी खुंटीवरून ऐकत होतो. एकदाही तिचा आवाज खिडकीच्या आत आला नाही.

शुक्रवार उजाडला. वरून अंग मागे टाकून दोरावर कसं उतरायचं, ते कप्तान स्वतः दाखवणार होते. माझं एक टोक त्यांच्याकडे. तिथून मी मनोऱ्याच्या शेंड्यावरच्या कडीतून खाली येऊन हळूबाईच्या हातात. ते चढतील तसं तिने मला ओढून घ्यायचं. कप्तानांनी आठ केला, टोक पट्ट्यातून ओवलं, आणि तेवढ्यात स्वयंपाक्याने हाक मारली, “कप्तान, पावाची गाडी आलीये, सही करा, गाडीवाला थांबायला तयार नाही!” त्यांनी तिथल्या तिथे सही केली, दोन शब्द सुनावले आणि म्हणाले, “चला, उशीर झाला.” हळूबाईने गाठीकडे बोट नेलं होतं, पण त्यांनी पहिल्या खाचेत पाय ठेवलासुद्धा.

माझं टोक मागे फिरलंच नव्हतं, मित्रांनो. मी नुसता पट्ट्यातून लोंबत होतो. गाठ कुठे, न् मी कुठे! बावीस वर्षं बांधणाऱ्या हाताला वाटलं, बांधली. वरून जाकिटाची कड आलेली, कुणाला दिसणार? मला सगळं कळत होतं आणि तोंड नव्हतं. सात हंगामांत मला एवढी लाज कधी वाटली नाही.

हळूबाई मला ओढून घेऊ लागली. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला तिची बोटं थबकली. कापड सुईखालून सुटलं की शिवणाऱ्याच्या हाताला कळतं, तसं तिला कळलं असावं. तिने वर पाहिलं. जाकिटाखालून माझं टोक दिसत होतं आणि तिच्या प्रत्येक ओढीबरोबर ते आत जात होतं. आणखी दोन हात ओढलं असतं तर मी पट्ट्यातून निसटलो असतो. तिने ओढायचं थांबवलं. कप्तान दोन मजले वर, आणि शेंड्याला पोचून भरवशाने मागे अंग टाकणार, ते माझ्या जिवावर.

“थांबा,” ती म्हणाली. शेजारच्यालासुद्धा ऐकू गेलं नाही. कप्तान आणखी एक खाच वर गेले. अगं बोल, मी मनात म्हणत होतो, माझ्यासाठी बोल!

“थांबा! कप्तान, थांबा!”

बापरे! हा आवाज तिच्यात कुठे होता, देव जाणे. मैदानापलीकडे तंबू ठोकणारे हातोडे हवेत धरून थांबले. स्वयंपाकी डाव घेऊन दारात आला. कप्तान भिंतीला पालीसारखे चिकटून थिजले. “दोन्ही हात लाकडावरच ठेवा,” ती ओरडली. “गाठ नाहीये. हळूहळू खाली या.” बावीस वर्षं या कामात मुरलेला माणूस तिच्या हुकमाने एकेक पाऊल उतरला.

खाली आल्यावर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. “काय सापळा लावलात कप्तान! जीवच टांगणीला लागला आमचा!” प्रमुख बाई हळूबाईच्या पाठीवर थाप मारत म्हणाल्या, “पकडलंस की गं!”

कप्तान गप्प राहिले असते तरी चाललं असतं. कुणाला काही कळलं नसतं. पण त्यांनी बाकावरचं एक हेल्मेट उचललं आणि त्याचा कापलेला पट्टा दाखवला. “माझा सापळा हा होता. ते मुद्दाम नव्हतं. मी विसरलो होतो.” टाळ्या बंद पडल्या. ते मटकन बाकावर बसले. “घरी दोन पोरी आहेत माझ्या,” एवढंच म्हणाले.

हळूबाई रडायला लागली. “माझंही चुकलं. गाठीला बोट न लावता तुम्हाला जाऊ दिलं. वाटलं, तुम्हाला काय सांगायचं.”

“हो, चुकलं,” कप्तान म्हणाले. “माझी चूक मी लिहितो, तुझी तू लिही.” आणि दोघांनी माझ्या वहीत शेवटच्या पानावर आपापल्या हाताने लिहिलं.

शनिवारी यादी लागायच्या आधी प्रमुख बाई म्हणाल्या, “अहो, पण तंबू कोण शिवणार?”

“मी शिवीन. बोटं टोचून घेईन,” कप्तान म्हणाले. “ही मला मनोऱ्यावर पाहिजे.”

मित्रांनो, आता माझे तुकडे करून भिंतीवर लावलेत. नवी माणसं त्यांवर गाठी शिकतात. मला वाईट वाटत नाही. सात हंगाम मी शेकडो पोरांना धरलं, त्याचा अभिमान आहेच. पण ज्या दिवशी मी एका माणसाला धरू शकलो नाही आणि दुसऱ्याने त्याला आवाजाने धरलं, त्या दिवसाचा अभिमान सगळ्यांत मोठा आहे. माझी तुम्हाला एकच विनवणी. दोर कितीही भरवशाचा असो, गाठीवर बोट ठेवा. समोरचा कितीही मोठा असो, चुकलेलं दिसलं तर भीड धरू नका.

आज सकाळी पोरांची पहिली तुकडी आली. रांगेत सर्वांत पुढे कप्तान, तपासून घ्यायला हात वर करून उभे. हळूबाईने त्यांच्या गाठीवर बोट ठेवलं, आणि नेहमीच्या इवल्याशा आवाजात म्हणाली, “थांबा, पट्टा सैल आहे.”

तिला ओरडावं लागलं नाही. सगळी रांग जागच्या जागी थांबली.