दगड की पाला

खिडकीच्या कठड्यावर पाच बशा ओळीने मांडल्या होत्या आणि पाचही बशांत दगड होते. पांढरे गोटे, करडी खडी, तांबूस चुरा, काळे चपटे, आणि शेवटच्या बशीत सगळ्यांची सरमिसळ. प्रत्येक बशीखाली एक चिठ्ठी, तिच्यावर बाबांच्या नकाशातल्या अक्षरात क्रमांक. बशा आईच्या, फक्त पाहुणे आले की बाहेर निघणाऱ्या. मला हसू आलं आणि आलं तसं गेलं.

"शनिवारी गोटेवाला येणार आहे," बाबा म्हणाले. "तू आहेस तोवर रंग ठरवून टाकू."

आई जाऊन दहा महिने झाले होते. मी चार दिवसांसाठी आले होते, आणि घराच्या पुढचे तिचे तीन वाफे दगडाखाली जाणार आहेत हे मला त्या बशांवरून कळलं.

बाबा पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण कुठलीही गोष्ट कागदावर उतरल्याशिवाय ती त्यांच्या लेखी खरी होत नाही. जेवणाच्या टेबलावर त्यांनी वाफ्यांचा नकाशा पसरला. फाटकाजवळचा, खिडकीखालचा, कुंपणालगतचा. प्रत्येक झाडाला एक वर्तुळ. गुलाब, जास्वंदी, शेवंती मिळून तेवीस वर्तुळं, आणि त्यातल्या सातांवर लाल पेन्सिलीने फुली.

"सात?" मी म्हटलं.

"दहा महिन्यांत सात. तिच्या हयातीत कधी एवढी गेली होती?" त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली. "माझ्या हाताला गुण नाही. दगड घातले की प्रश्न मिटला. तण नाही, पाणी नाही, दर वर्षी पाला पसरणं नाही."

फोनवर दादाही तेच म्हणाला. "बाईसाहेब, भावनेच्या भरात आडव्या जाऊ नका. बाबांचा गुडघा बघितलास का? खाली जाड कापड, वर गोटे, की दहा वर्षं बघायला नको."

"उन्हात दगड तापतात. झाडांची मुळं भाजतील."

"मग झाडांना पंखा लाव."

"आणि वरून पानं पडतील ती? गोट्यांमधून एकेक वेचायची कुणी?"

"पानं मोजायला तू आहेस की! वर्षातून चार दिवस." तो हसला, मग त्याचं त्यालाच ते लागलं असावं. "बरं, तुम्ही दोघं ठरवा. पण त्यांना एकट्याला सगळं जमणार नाहीये, एवढं खरं."

ते खरंच होतं. पाल्याचं काम कधीच एका माणसाचं नव्हतं.

पानगळ संपली की मागच्या अंगणात ढीग लागायचा. आमचा पाला, शेजाऱ्यांनी कुंपणावरून दिलेला पाला, आणि लाकडाच्या वखारीतून पोत्यांनी आणलेला सालींचा चुरा. घरभर ओल्या लाकडाचा वास भरायचा, तो उशांनासुद्धा यायचा. रविवारी सकाळी आई पुढच्या वाफ्याशी बुटकं स्टूल मांडून बसायची. बाबा मागून घमेलं भरून आणायचे, घराच्या बाजूच्या बोळातून, आईच्या पायाशी ओतायचे आणि उलट पावली परत जायचे.

"हमाल, पुढचं घमेलं!" आई ओरडायची.

"आलो, मुकादम!" बोळातून उत्तर यायचं.

दुपारपर्यंत हे चालायचं. आई दवाखान्यात नर्स होती. सोमवारी कामावर जायचं म्हणून ती संध्याकाळी ब्रशने नखं घासत बसायची, आणि तरी नखांच्या कडांना काळी रेघ राहायची. एका बड्या डॉक्टरांनी विचारलं होतं, सिस्टर, ही शाई कसली? घरी येऊन तिने त्यांची नक्कल करून दाखवली तेव्हा बाबा इतके हसले होते की त्यांना ठसका लागला.

हे सगळं मला त्या टेबलाशी आठवत होतं, आणि बाबा मला बशी क्रमांक दोनचे फायदे सांगत होते.

"पाला कुजून जातो," ते म्हणाले. "दर वर्षी नवा."

"कुजतो म्हणूनच घालायचा ना, बाबा. मातीचं तेच खाणं."

"माती खाते आणि झाडं मरतात." त्यांनी नकाशाची घडी घातली. "दगड घातला की निदान मरायला काही उरत नाही."

मी खुरपं घेऊन बाहेर गेले.

वाफे इतके नीटनेटके होते की बघत राहावं. या दहा महिन्यांत त्यांनी एकट्याने, त्या गुडघ्यावर, घमेली वाहून पाला पसरला होता. कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. आणि प्रत्येक झाडापाशी तो खोडावर चांगला वीतभर चढवून हातांनी दाबून बसवलेला होता. बोटांचे ठसे कळत होते. लेकराला थंडी वाजू नये म्हणून पांघरूण गळ्यापर्यंत ओढून कडेने खोचावं, तसं.

मी एका वाळलेल्या गुलाबाशी बसले आणि पाला बाजूला केला. आतून गरम, आंबट वास आला. बुंध्याची साल काळी पडली होती. बोट लावलं तर ती ओल्या कागदासारखी सुटून आली. दुसऱ्या झाडाचं तेच. तिसऱ्याचंही.

तेव्हा मला बादली आठवली.

आईकडे एक निळी प्लास्टिकची बादली होती. तिचं बूड कापलेलं आणि एका बाजूने उभी चीर दिलेली. आई ती चीर फाकवून बादली झाडाच्या बुंध्याभोवती घालायची, बाहेरच्या बाजूने पाला पसरायची आणि मग बादली अलगद काढून घ्यायची. खोडाभोवती उघड्या मातीचं गोल कडं राहायचं. तेवढं झालं की हाक, "हमाल!" लहानपणी बादली धरून ठेवायचं काम माझं होतं. "गळ्याशी मोकळं हवं," आई म्हणायची. "पेशंट असो नाहीतर गुलाब."

कोठीच्या खोलीत मी अर्धा तास शोधलं. फावडं होतं, झारी होती, आईचे रबरी बूट होते, एकात एक घालून ठेवलेले. बादली नव्हती.

मी त्या बुटांशेजारी खाली बसले. आता दोनच गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. गप्प राहिले तर शनिवारी दगड येतील, आणि माझ्या हाताला गुण नाही असं म्हणत बाबा उरलेली वर्षं काढतील. नशिबासारखी गोष्ट, तिला कुणाचा इलाज नाही. सांगितलं तर त्यांना कळेल की ती सात झाडं नशिबाने गेली नव्हती, त्यांच्या काळजीने गेली होती. जितकी काळजी जास्त, तितका पाला वर चढवलेला. यातलं कमी वाईट कुठलं ते मला ठरवता येईना. आई असती तर तिने एका वाक्यात सांगून टाकलं असतं आणि वर चहा टाकला असता.

बाबा टेबलाशीच होते.

"आईची निळी बादली कुठाय?"

"कुठली निळी?"

"बूड नसलेली."

"ती फुटकी होय? कोठी आवरली तेव्हा भंगारात दिली. कितीदा सांगितलं तिला टाकून दे म्हणून, ऐकायची म्हणून नाही."

"फुटकी नव्हती, बाबा. तिने मुद्दाम चिरली होती."

मी सांगितलं. सरळ सांगायचं ठरवलं होतं, पण मध्येच अडखळले, मग हातांनी दाखवू लागले, तेही धड जमेना. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, नकाशा उलगडला आणि एका वर्तुळाच्या आत लहान वर्तुळ काढलं.

"म्हणजे असं?"

"हो."

"आत काही नाही? नुसती माती?"

"नुसती माती."

"अंतर किती?"

"वीतभर."

त्यांनी कागदावर पंजा पसरला. "माझी वीत की तिची?"

"तिची."

त्यांनी बोटं थोडी जवळ घेतली, अगदी अंदाजाने, आणि हात तसाच ठेवून बसले. मग म्हणाले, "म्हणजे मीच."

नाही म्हणावंसं फार वाटलं. "हो," मी म्हटलं.

"मला कसं दिसलं नाही कधी?"

"तुम्ही पुढचं घमेलं आणायला गेलेले असायचात."

ते एकदम उखडले. "तीस वर्षं! तीस वर्षं मी ओझी वाहतोय, आणि या बाईला एकदा थांबवून सांगता आलं नाही? अहो, इकडे या, हे असं असतं, म्हणून? हमाल म्हणे! हमालाला काय डोळे नसतात?"

दहा महिन्यांत ते आईबद्दल फार हळू बोलत होते, झोपलेल्या माणसाच्या खोलीत बोलावं तसं. तो जुना चढा आवाज, तिच्यावर चिडतानाचा, मी ती गेल्यानंतर पहिल्यांदा ऐकला. मला बरं वाटलं असं लिहिणं विचित्र आहे, पण तसंच झालं. ते मात्र उठून आतल्या खोलीत गेले, जेवायला आले आणि वाढलेलं न संपवता उठले. मी भांडी घासली. आपण चुकलो, असं त्या संध्याकाळभर वाटत राहिलं.

शुक्रवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आले तर ते फोनवर होते.

"नाही, तुमच्या मालाबद्दल तक्रार नाही... हो, आवडले ना, दोन नंबर फार छान आहे. नाही, नाही, मुलीचा काही संबंध नाही. ती कोण ठरवणारी? घर माझं आहे." एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. "हं. असं करा, छपराच्या पागोळ्या पडतात ना, तिथे माती उडते, तेवढ्या पट्टीपुरती करडी खडी टाका. बाकी राहू द्या... विचार करून सांगतोय. काल रात्रभर तेच केलं."

फोन ठेवून ते कोठीत गेले, बुटकं स्टूल काढलं आणि कुंपणालगतच्या वाफ्याशी नेलं. बसताना गुडघ्याने कुरकुर केली, त्यांनी त्याला एक शिवी दिली. मी हात द्यायला पुढे झाले.

"तू तिकडून सुरू कर," ते म्हणाले. "नकाशा आण. जिवंत सोळा आहेत, एकही सुटायला नको."

पाला खोडापासून मागे ओढायचा, बुंधा उघडा करायचा आणि अंगठ्याने दाबून बघायचा. वर पानं हिरवी असली तरी त्याचा भरवसा नव्हता, आतून कुजायला सुरुवात झालेली असू शकत होती. ते खुरपं वापरेनात, साल दुखावेल म्हणून. नुसत्या बोटांनी, नकाशावर शाईची रेघ ओढावी इतकं सावकाश. मी माझी तीन झाडं संपवली तेव्हा त्यांचं पहिलं चाललं होतं.

"कडक," ते म्हणाले. मी त्या वर्तुळावर बरोबरची खूण केली.

"हा पण कडक."

"हा खाली जरा ओला आहे, पण कडक आहे. लिही, कडक."

चौथा खिडकीसमोरचा मोठा गुलाब होता. त्याचा पाला त्यांनी सगळ्यात वर चढवला होता. तो ओंजळीओंजळीने काढत ते तळाशी पोचले, अंगठा टेकवला, काढला, पुन्हा टेकवला; साल दबली, पण सुटून आली नाही. मी पेन्सिल धरून थांबले.

"हा..." ते म्हणाले. मग बुंध्याभोवतीची माती त्यांनी तळहाताने साफ केली, वीतभर, आणखी थोडी. "हा बघू."