एकतिसावा दिवस

“डोळे मिटा. आता मनातल्या मनात स्वतःला शाबासकी द्या,” प्रशिक्षकबाई म्हणाल्या.

ताईने डोळे मिटले, तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. निवारा केंद्रातल्या स्वयंपाकीणबाईंचा निरोप होता : ‘घड्याळकाकांना काढलं. तुमच्या नावानं ओरडत गेले.’

बेघरांच्या त्या निवाऱ्यात ताई अकरा वर्षं काम करत होती. घड्याळकाका पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. नंतर बसथांब्यामागच्या भिंतीला टेकून दिवस काढायला लागले. त्यांना आत आणायला तिला आठ महिने लागले होते. रोज सकाळी कामावर जाताना थांबायचं, दोन शब्द बोलायचे, चार शिव्या खायच्या आणि पुढे जायचं. शेवटी एकदा ते म्हणाले, “येतो. पण तिथून कुणी उठवणार नाही ना?”

“मी आहे ना,” ताई म्हणाली होती.

ती वर्गातून उठली आणि जिन्यात येऊन व्यवस्थापकांना फोन लावला.

“साहेब, काकांना मुदतवाढ मागितली होती मी. अर्ज तुमच्या टेबलावर आहे.”

“मुक्कामाची मुदत तीस दिवस म्हणजे तीस दिवस. आज एकतिसावा. वरून तपासणी आली, मी तरी काय करू? आणि तुम्ही प्रशिक्षण सोडून बाहेर काय करताय? तुमच्यासाठीच ठेवलंय ते. किती अंगावर ओढून घेता!”

“मला मन शांत करायला इथे बसवलंत आणि मागच्या मागे माणूस बाहेर काढलात?”

“ताई, आवाज खाली.”

“नाही होत खाली!”

जिन्यातला शिपाई वळून बघायला लागला. अकरा वर्षांत ती साहेबांवर पहिल्यांदाच ओरडली होती. ओरडून हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. तिने फोन ठेवला आणि तशीच बसथांब्याकडे निघाली.

काका त्याच भिंतीपाशी सापडले. तिला पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

“काका, मला खरंच माहीत नव्हतं हो.”

“तुम्हीच म्हणाला होतात.”

चार दिवसांत दुसरीकडे सोय करते, असं काहीबाही तिच्या तोंडाशी आलं. तिने ते गिळलं.

संध्याकाळी बहीण म्हणाली, “सोड गं ती नोकरी. तोंड बघ जरा आरशात.”

“बघितलंय,” ताई म्हणाली आणि भरल्या ताटावरच रडली. मग तिने दोन दिवसांची रजा टाकली. आजारी नसताना घेतलेली ही तिची पहिलीच रजा. दोन्ही दिवस ती दुपारपर्यंत झोपली. कुणाचाही फोन उचलला नाही.

तिसऱ्या दिवशी मुदतवाढीचा नवा अर्ज लिहून ती निघाली. वाटेत भिंतीपाशी थांबली. काकांनी पुन्हा तोंड फिरवलं. ती तिथेच उभी राहिली.

बऱ्याच वेळाने त्यांनी शेजारचं गाठोडं उचललं आणि दुसऱ्या बाजूला ठेवलं. मोकळ्या झालेल्या जागेवरून एकदा हात फिरवला.

ताई बसली.